न विचारता काढलेला फोटो

मागच्या भागात आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं ते बोललो. आजचा विषय त्याहून रोजचा आहे. फोटोचा. म्हणजे आपण हौसेनं काढतो तो नव्हे, तर आपल्याला न विचारता दुसऱ्यानं काढलेला.

बसस्टँडवर लेकराला पाजत बसलेल्या बाईसमोर कुणाचा तरी मोबाइल वर होतो. टँकरभोवती घागरी घेऊन झोंबाझोंबी चालते, तेव्हा कुणीतरी व्हिडिओ करत असतो. नदीवर धुणं धुताना पुलावर चार पोरं उभी राहतात. आपण काही म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं, 'रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का? एवढी लाज वाटते तर घरात बसायचं.' हे उत्तर ऐकून बऱ्याच जणी गप्प बसतात. कारण आपल्यालाही आतून वाटतं की त्याचं खरंच असेल. चार लोकांत आलो, मग पाहणाऱ्याला कसं अडवायचं?

तर कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. सगळं आपल्या बाजूचं नाही, हे आधीच सांगतो. पण गप्प बसावं इतकं विरोधातही नाही.

पहिली गोष्ट. सार्वजनिक जागी फोटो काढू नये असा सरसकट कायदा आपल्या देशात नाही. परळीला महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाला रांग लागते, त्या रांगेचा फोटो पेपरवाल्यानं काढला आणि त्यात तुम्ही दिसलात, तर त्यानं गुन्हा केला नाही. आठवडी बाजार, मोर्चा, दिंडी, ग्रामसभा यांचंही तेच. आणि आम्हाला विचाराल तर हे ठीकच आहे. कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरलेल्या बाईचा फोटो छापून आला नसता, तर कितीतरी वाड्यावस्त्यांचा टँकर कागदावरच फिरत राहिला असता. आपल्या जिल्ह्यानं दुष्काळ इतके पाहिलेत की फोटोची ताकद आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको.

मग फोटो चुकीचा कधी होतो? यासाठी आपल्याच राज्यातली एक गोष्ट आठवा. गुड मॉर्निंग पथक.

साल २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गाव झाडायचं, शौचालयं बांधायची, बक्षीस मिळवायचं. चांगलं काम होतं, गावंच्या गावं त्यात उतरली. त्याच काळापासून हे पथक गावोगावी फिरू लागलं आणि पुढे स्वच्छ भारत मिशनमध्ये, विशेषतः २०१७ च्या सुमाराला, त्याचा जोर फार वाढला. गाव हागणदारीमुक्त करायचं, ते ठरलेल्या तारखेच्या आत. मग पहाटे चार-साडेचारला ग्रामसेवक, शिक्षक, पंचायत समितीचे कर्मचारी, कधी पोलीस, असे सगळे निघायचे. पांदीत, ओढ्याकाठी, बाभळीच्या आड. शिट्ट्या वाजवायच्या, बॅटरीचा उजेड पाडायचा. कुठे गुलाबाचं फूल हातात द्यायचे, कुठे गळ्यात हार घालायचे. पोलीस कायद्याखाली बाराशे रुपयांपर्यंत दंड. आणि फोटो.

आता यातली एकेक गोष्ट वेगळी करून बघा. दंड एक वेळ समजू शकतो. नियम आहे, मोडला, पैसे भरा. पण फोटो कशासाठी? फोटो पुराव्यासाठी नव्हता, लाज वाटावी म्हणून होता. फोटो निघाला, गावाला दिसला की बाई घरात भांडून शौचालय बांधून घेईल, असा हिशोब. घरात पैसा कुणाच्या हातात असतो, बांधकामाचा निर्णय कोण घेतं, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, शौचालय बांधलं तरी त्यात टाकायला पाणी कुठून आणायचं, हे त्या हिशोबात नव्हतं. दोन किलोमीटरवरून आणलेली घागर प्यायला ठेवायची की संडासात ओतायची, हा प्रश्न ज्यांनी सोडवलाय त्यांनाच कळेल.

एक गंमत त्याच वर्षीची. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापूर-बार्शी रस्त्यावर राज्याचे तेव्हाचे जलसंधारणमंत्री गाडी थांबवून रस्त्याकडेला उभे राहिले, त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. त्यांचं म्हणणं, प्रवासात होतो, जवळ शौचालय सापडलं नाही. खरं असेल. आमच्या मते त्यांचाही व्हिडिओ फिरवायला नको होता. पण 'सापडलं नाही' हे कारण त्यांना सांगता आलं, पेपरात छापून आलं. पांदीतल्या बाईला ते कारण सांगायला कुणी माइक दिला नव्हता.

राजस्थानात हे प्रकरण फार टोकाला गेलं. जून २०१७, प्रतापगढ शहरातली एक कच्ची वस्ती. पहाटे नगरपरिषदेची माणसं आली आणि उघड्यावर बसलेल्या बायकांचे फोटो काढू लागली. वस्तीत राहणारे जफर खान नावाचे कार्यकर्ते मध्ये पडले. वस्तीत सार्वजनिक शौचालय बांधून द्या, अशी मागणी ते आधीपासूनच करत होते. वाद झाला आणि त्या सकाळी ते गेले. मारहाणीत मेले, असं घरच्यांचं म्हणणं. मारहाण झालीच नाही, हृदयविकाराचा झटका आला, असं प्रशासनाचं आणि पोलिसांचं म्हणणं. खरंखोटं तिथल्या यंत्रणेनं ठरवायचं. एवढं मात्र नक्की की त्या पहाटे भांडण सुरू झालं ते फोटोवरून.

आणि योगायोग बघा, त्यानंतर दोनच महिन्यांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. के. एस. पुट्टस्वामी नावाचे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आधार कार्डाच्या सक्तीविरुद्ध कोर्टात गेले होते, त्या खटल्यातला हा प्रश्न. संविधानाच्या २१ व्या कलमात जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आहे, त्यातच खासगीपणा येतो, असं कोर्टानं सांगितलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात आपल्या कामाचं एक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही. खासगीपणा जागेला चिकटलेला नसतो, तो माणसाबरोबर चालतो.

'घरात बसायचं' या उत्तराला देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचं हे उत्तर आहे. लक्षात ठेवा.

आता तत्त्व झालं, पण पोलीस ठाण्यात तत्त्व चालत नाही, तिथे कलम लागतं. दोन-तीन कलमं आहेत.

दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड विधानात ३५४-सी हे कलम घातलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात ते ७७ वं कलम आहे. बाई तिची खासगी गोष्ट करत असताना, म्हणजे आंघोळ, कपडे बदलणं, शौचाला बसणं, आणि आपल्याला कुणी बघत नाही असं तिला साहजिकपणे वाटेल अशा परिस्थितीत, तिला चोरून पाहणं, तिचा फोटो किंवा व्हिडिओ काढणं, तो पसरवणं, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दंड. पुन्हा केला तर तीन ते सात वर्षं. जुन्या कायद्यात गुन्हेगार 'पुरुष' असा शब्द होता, आता 'जो कोणी' असा आहे. म्हणजे जावेनं नणंदेचा काढला तरी गुन्हाच.

यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट लिहिली आहे. फोटो काढायला बाई राजी होती, पण तो पसरवायला नव्हती, तरी पसरवणं हा गुन्हा. मुलीनं ओळखीच्या मुलाला स्वतःचा फोटो पाठवला आणि भांडण झाल्यावर त्यानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला, तर 'तिनंच दिला होता' हे कारण कोर्टात चालत नाही. घरात मात्र तेच कारण सगळ्यात आधी पुढे येतं, ते आपण पुढे बोलू.

दुसरं कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ६६-ई. कुणाच्याही, बाईच्या किंवा पुरुषाच्या, गुप्त भागाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणं, पाठवणं, छापणं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात कायद्यानं स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलंय की ती व्यक्ती खासगी जागी असो वा सार्वजनिक जागी, फरक पडत नाही. हे फार मोठं आहे. इंग्लंडसारख्या देशात २०१९ पर्यंत ही सोय नव्हती. तिथे गिना मार्टिन नावाच्या तरुणीच्या बाबतीत, २०१७ मध्ये गाण्याच्या कार्यक्रमाच्या गर्दीत, एका माणसानं मोबाइल खाली धरून तिच्या घागऱ्याखालून फोटो काढला. ती तक्रार द्यायला गेली तर कळलं, की चोरून फोटो काढण्याचा कायदा खासगी जागेपुरता आहे आणि बागेतली गर्दी काही खासगी नव्हे. तिनं दोन वर्षं मोहीम चालवून कायदा बदलून घेतला. आपल्याकडे मात्र २००९ पासून हे कलम लागू आहे. एसटीत चढताना, जत्रेत, जिन्यावर असा प्रकार झाला तर 'सार्वजनिक जागा होती' असं कुणी सांगू लागला तर हे कलम दाखवा.

पण जिथे कायदा आपल्याला अपुरा पडतो, तेही ऐका. तुम्ही अंगभर कपड्यात, घराच्या अंगणात किंवा रस्त्यावर उभ्या आहात आणि कुणी फोटो काढला. २०२४ साली केरळ उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. कोर्ट म्हणालं, उघड दिसणाऱ्या जागी बाई उभी आहे, खासगी काही करत नाही, तर चोरून पाहण्याचं कलम इथे लागत नाही. निकाल वाचून पुष्कळ जणी चिडल्या. आम्हीही. पण कलमाचे शब्द बघितले तर कोर्टाचं चूक म्हणता येत नाही. अशा वेळी कलम ७९ चा विचार करायचा. बाईचा अपमान करण्याच्या हेतूनं केलेली कृती, शब्द, हावभाव, तिच्या खासगीपणात घुसणं, याला तीन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. आणि वारंवार पाठलाग करत असेल तर ७८. नुसता एक फोटो आणि मागे ठरवून पाठलाग करून काढलेले वीस फोटो, यातला फरक पोलिसांना सांगता आला पाहिजे. म्हणून किती वेळा, कुठे, कोण सोबत होतं, हे लिहून ठेवायचं.

मग पांदीतली बाई? तिला कलम ७७ लागू होईल का? इथे खरा वाद आहे. एक बाजू म्हणते, उघडं रान ही खासगी जागा कशी? आम्हाला हे पटत नाही. कायद्यात 'चार भिंती' असा शब्द नाही. 'त्या परिस्थितीत' खासगीपणाची अपेक्षा ठेवता येईल अशी जागा, असे शब्द आहेत. बाई अंधारात उठते, दिवस उगवायच्या आत जाते, झुडपाचा आडोसा शोधते, सोबत नणंद नाहीतर लेक पहाऱ्याला उभी करते, पुरुषांची वाट वेगळी ठेवते. हे सगळं ती कशासाठी करते? कुणी बघू नये म्हणूनच ना? दार नाही म्हणून तिनं अंधाराचं दार केलं. त्यावर बॅटरी मारून फोटो काढणारा माणूस आणि न्हाणीघराच्या फटीतून मोबाइल घालणारा माणूस, यात आम्हाला फरक दिसत नाही. एकाच्या खिशात सरकारी आदेश होता, एवढाच काय तो.

एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्यानंतर पथकांची चर्चा थांबली. तुम्ही म्हणाल, मग ही जुनी गोष्ट कशाला उकरायची? सांगतो. कारण आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बायका वर्षातले पाच-सहा महिने त्या घोषणेच्या बाहेर राहतात.

दिवाळी झाली की टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम ट्रक लावतो, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं घेऊन कोयता निघतो. सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, खाली कर्नाटकात. तिथे कारखान्याजवळच्या तळावर किंवा फडाच्या कडेला कोपी उभी राहते. बांबू, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. तेच घर. त्याला भिंत नाही, कडी नाही, न्हाणीघर नाही. चार काठ्या रोवून साडी गुंडाळली की न्हाणी झाली. उजेडाच्या आत उरकायचं, नाही तर फडावरून आल्यावर अंधारात. त्या साडीच्या पलीकडून रस्ता जातो, गाड्या भरणारे ड्रायव्हर असतात, परके लोक असतात. आणि आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. पाळी असली तर काय करायचं, हे तर बोलायलाच नको.

कोपी ही घर आहे की रस्ता? ज्याला फोटो काढायचा असतो त्याच्या लेखी ती रस्ता असते. विद्यार्थी प्रकल्पासाठी येतात, पत्रकार येतात, यूट्यूबवाले येतात, थेट चुलीपर्यंत. बंगल्याच्या फाटकाशी घंटी वाजवणारा माणूस कोपीत डोकं घालताना हाक मारत नाही. आमचं म्हणणं सरळ आहे. जिथे माणूस झोपतो, न्हातो, लेकराला पाजतो, ते घर. मग त्याची भिंत साडीची का असेना. कलम ७७ मधले 'परिस्थिती' आणि 'अपेक्षा' हे दोन शब्द त्या साडीच्या आडोशालाही लागू आहेत, असं आम्ही समजतो आणि तसंच ठाण्यात मांडायला हवं.

२०१९ मध्ये तर आपल्या जिल्ह्यानं कॅमेऱ्यांची रांगच पाहिली. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या जातात, ही बातमी बाहेर आली. देशातले, परदेशातले पत्रकार बीडला आले. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. ही बातमी झाली नसती तर समितीही झाली नसती, हे आम्ही मान्य करतो. बायका बोलल्या म्हणून झालं.

पण बोलणाऱ्या बाईचा चेहरा, गाव आणि तिच्या पोटातलं ऑपरेशन, हे तिन्ही एकत्र छापायची गरज होती का? काहींनी चेहरा झाकला, नाव बदललं, त्यांचे आभार. काहींनी तसं केलं नाही. दिल्लीच्या वाचकाला तो एक चेहरा. आपल्याकडे मात्र ती अमक्याची सून, तमक्या वस्तीवरची, आणि आता 'पिशवी काढलेली'. त्या शब्दाचा पोरीच्या सोयरिकीपर्यंत काय परिणाम होतो, ते बाहेरून आलेल्याला कळायचं कारण नाही. म्हणून विचारायचं काम त्याचं आहे.

आणि विचारणं म्हणजे काय? 'मावशी, एक फोटो घेऊ का?' म्हणत आधीच बटण दाबणं नव्हे. आम्ही रेडिओवाल्या नुसता आवाज घेतो, तरी आमचा नियम आहे की मुकादम, सरपंच, नवरा किंवा डॉक्टर शेजारी उभा असताना घेतलेला होकार आम्ही होकार धरत नाही. ज्याच्याकडून उचल घेतली तो शेजारी उभा असताना बाई 'नको' कसं म्हणेल? फोटोचंही तेच. तो कुठे दिसणार, आपल्या गावच्या लोकांना दिसणार का, नाव राहणार की नाही, उद्या नको वाटलं तर काढून टाकणार का, एवढं तिला कळल्यावर ती 'हो' म्हणाली, तर तो होकार. तोंड पदराआड करून, पाठमोरं बसून, नुसत्या कोयता धरलेल्या हातांचा फोटो घेता येतो. पाहणाऱ्याला सगळं कळतं.

आता सरकारी फोटोबद्दल थोडंसं. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मोबाइल ॲपवर मजुरांचे फोटो काढून हजेरी लागते. शौचालयाचं अनुदान घेताना त्याच्यासमोर उभं करून फोटो काढले, ते तुम्हाला आठवत असेल. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचा अर्ज भरताना तुमचा चेहरा कुणाच्या मोबाइलवर काढला गेला? बऱ्याच जणींचा गल्लीतल्या पोराच्या, सेतूवाल्याच्या, कुणा कार्यकर्त्याच्या फोनवर. फोटो, आधार, बँक पासबुक, सगळं एकाच जागी. अर्ज मंजूर झाला, पैसे आले, फोटो त्याच्या फोनमध्ये तसाच. अर्ज भरून झाला की समोर उभं राहून 'दादा, माझे फोटो आता पुसून टाका' असं म्हणायचं. 'कचऱ्याच्या डब्यातूनही काढा' हेसुद्धा सांगायचं, कारण पुसलेला फोटो फोनमध्ये महिनाभर पडून राहतो. यात संकोच वाटायचं काही कारण नाही. आपण दागिना मोडायला दिला तर उरलेलं सोनं मागून घेतोच की.

इतकं बोलल्यावर कुणाला वाटेल, मग कॅमेऱ्यावर बंदीच घाला. तसं नको, सख्यांनो. बंदीचा पहिला फटका आपल्यालाच बसेल. दारूचं दुकान पहाटे पाचला उघडतं, रेशनवाला काटा मारतो, मुकादम शिवीगाळ करतो, हे सिद्ध करायला आपल्याकडे मोबाइलशिवाय काय आहे? पोलीस ठाण्यात कुणी आपल्याशी कसं बोललं, याचं रेकॉर्डिंग केलं तर उलट आपल्यावरच गुन्हा दाखल होईल, अशी भीती घातली जाते. शेजारच्या पाथर्डीच्या ठाण्यात असंच झालं. आपलं बोलणं रेकॉर्ड केलं म्हणून दोघा भावांवर थेट सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा लावला. आपला जिल्हा ज्याच्या हद्दीत येतो त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०२४ मध्ये सांगितलं, पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही. नागपूर खंडपीठानंही २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात हेच म्हटलं होतं.

म्हणजे रस्ता एकच, मोबाइल एकच. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कामाचा फोटो आणि आडोशाला बसलेल्या बाईचा फोटो, यांना एका मापात मोजता येत नाही. खुर्चीवरचा माणूस लोकांच्या पैशानं लोकांचं काम करत असतो, त्याच्याकडे बघायचा आपल्याला हक्क आहे. आडोशाची बाई कुणाचंही देणं लागत नाही.

आता शेवटचं आणि अवघड. फोटो फिरलाच तर काय करायचं?

आपल्या घरांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मुलीचा फोटो, खरा किंवा दुसऱ्याच्या अंगावर तिचं तोंड चिकटवलेला, कुणी टाकला की तो टाकणाऱ्याला शोधायच्या आधी तिचा मोबाइल काढून घेतला जातो. मग कॉलेज बंद. मग मामा स्थळ घेऊन येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठरा पुरं व्हायच्या आत झालेलं निघालं. त्यामागे गरिबी आहे, ऊसतोड आहे, मुलीला मागे कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे. पण 'नाव खराब व्हायच्या आत उरकून टाका' हेही आहे. फोटोवाल्या पोराला हे बरोबर माहीत असतं. त्याची धमकी फोटोच्या जोरावर चालत नाही, आपल्या घराच्या भीतीवर चालते. आयांनो, पोरीनं येऊन सांगितलं तर आधी तिला जेवायला वाढा. बाकी नंतर.

मग कामाला लागा. मेसेज, फोटो, नंबर यातलं काहीही पुसू नका, कितीही घाण वाटली तरी. स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. फेसबुक, इन्स्टाग्रामवर असेल तर त्याची लिंक जपून ठेवा आणि तिथेच तक्रारीचं बटण दाबा. २०२१ च्या नियमांनी या कंपन्यांना बंधन घातलं की नग्न किंवा जोडून बनवलेल्या फोटोची तक्रार खुद्द त्या व्यक्तीनं किंवा तिच्या वतीनं कुणी केली तर २४ तासांच्या आत तो हटवायचा. पैसे मागत असेल तर देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा नंबर आहे. केंद्र सरकारचं सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचं संकेतस्थळ आहे, त्यावर बायका आणि मुलांबाबतच्या अशा तक्रारी नाव न सांगताही करता येतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो लागतो, तिच्यासाठी १०९८. तातडीची मदत ११२, महिला हेल्पलाइन १८१.

ठाण्यात 'हद्द आमची नाही' असं सांगतील. कोपी कोल्हापूरच्या फडावर होती आणि तुम्ही आता गेवराईत, धारूरमध्ये नाहीतर शिरूर कासारला आहात, तर हे हमखास ऐकायला मिळतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. हा शब्द पाठ करा. आणि कलम ७७ किंवा ७९ ची तक्रार असेल तर बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायचं, हेही त्याच कलमात आहे. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

यंदा टोळीबरोबर निघणाऱ्या सख्यांनी हे नंबर मोबाइलमध्ये भरून ठेवावेत, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी कागदावर लिहून पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावेत. ट्रकमध्ये सामान चढवताना तो डबा कुणी मागे ठेवत नाही.